वाचकांचे प्रश्न : खाडीतली होडी आणि निळ्या पाण्यातला मार्लिन

मागील अंकात गळाने मासे पकडण्याच्या छंदावर एक टिपण छापले होते आणि त्यात मार्लिन या भाल्यासारखी लांब चोच असलेल्या मोठ्या समुद्री माशाचा उल्लेख जेमतेम दोन ओळींत आला होता. त्या दोन ओळींवर ठाणे आणि नवी मुंबईतून एवढी पत्रे येतील असे वाटले नव्हते. त्यांतील पाच येथे घेतली आहेत. लांबलेल्या पत्रांचा आशय तेवढा ठेवला असून कोणाचेही नाव दिलेले नाही.

प्रश्न : आम्ही ऐरोलीचे चार मित्र आहोत. गेल्या वर्षी १८ फुटी फायबरची होडी आणि ४० अश्वशक्तीचे आऊटबोर्ड इंजिन घेतले. सुट्टीच्या दिवशी खाडीत आणि करंजाच्या बाजूला जिताडा, रावस, शिंगाळा यांसाठी गळ टाकतो. मोबाइलवर हवाई बेटांतला एक माणूस चक्क कयाकमधून मार्लिन पकडताना पाहिला. त्याची नाव आमच्या होडीच्या पासंगालाही पुरणार नाही. मग बेलापूरजवळच्या दिवाळे गावच्या जेट्टीवरून निघून आम्हाला ते का जमू नये?

उत्तर : आपल्या होडीत काही उणे नाही, अडचण आहे ती तिच्याखालच्या पाण्यात. मार्लिन हा उबदार, नितळ, निळ्या पाण्यातला मासा आहे. तो भक्ष्य डोळ्यांनी हेरतो आणि शाळेच्या भूगोलात जिला आपण समुद्रबूड जमीन म्हणत होतो ती जिथे संपते व तळ एकदम शेकडो मीटर खाली जातो, त्या कडेपाशी आणि तिच्या पलीकडे तो वावरतो. हवाईच्या कोना किनाऱ्याला अशी समुद्रबूड जमीन जवळजवळ नाहीच, कारण ते बेट म्हणजे समुद्राच्या तळातून उभा राहिलेला ज्वालामुखी आहे. किनारा सोडून काही किलोमीटर गेले की खाली हजार मीटरहून अधिक पाणी असते. तिथला माणूस घरचा चहा घेऊन कयाक पाण्यात लोटतो आणि दुपारच्या जेवणाला परत येतो. त्याच्या धाडसाबद्दल शंका घेण्याचे कारण नाही, मात्र त्या धाडसाला भूगोलाची भक्कम साथ आहे.

आता आपला नकाशा समोर घ्या. दिवाळ्याहून निघून, घारापुरीला वळसा घालून कुलाब्याच्या प्रॉन्ग्स दीपगृहापर्यंत येईतो सुमारे ३० किलोमीटर होतात आणि तिथेही पाणी गढूळच असते. पुढे पश्चिमेला मुंबई हाय हे तेलक्षेत्र किनाऱ्यापासून सुमारे १६० किलोमीटरवर आहे. एवढे अंतर कापल्यावरही तिथे पाणी ७५ मीटरच्या आसपास, म्हणजे कोळ्यांच्या मापाने चाळीस-बेचाळीस वावच भरते. समुद्रबूड जमिनीची कड तिथून आणखी जवळजवळ तेवढीच पुढे आहे. पश्चिम किनाऱ्यावर ही जमीन सर्वांत रुंद आहे ती नेमकी आपल्याच भागासमोर. दक्षिणेकडे केरळपर्यंत जाताना ती निमुळती होत जाते.

एका बाजूचे ३०० किलोमीटर धरले, तर जाऊन-येऊन ६०० होतात. ताशी ३० किलोमीटरचा वेग अखंड टिकला, जो लाटांवर टिकत नाही, तरी २० तास नुसत्या प्रवासाला गेले. आपले इंजिन भरधाव चालवल्यास तासाला १२ ते १५ लिटर पेट्रोल पिते असे धरू. म्हणजे २४० ते ३०० लिटर पेट्रोल लागेल आणि त्याचे वजन दोनशे किलोच्या घरात जाईल. त्यावर चार माणसे, पाणी आणि बर्फ चढवल्यावर काठावर बसून हात धुण्यासाठी वाकावेसुद्धा लागणार नाही. वाटेत तेलफलाटांभोवती ५०० मीटरचे सुरक्षाक्षेत्र असते आणि त्यात शिरायला मनाई आहे, ते निराळेच. शिवाय १ जून ते ३१ जुलै या मासेमारीबंदीच्या काळात इंजिन लावलेल्या होडीने मुकाट्याने किनाऱ्याला राहावे, मग ती हौसेची का असेना.

तेव्हा दिवाळ्याहून मार्लिन नाही. हौस खरी असेल, तर होडी इथेच ठेवून आपण अंदमानला जावे. तिथे खोल पाणी बेटांच्या जवळ येते. लक्षद्वीपलाही तळ असाच झपाट्याने खाली जातो. तोवर खाडीतल्या जिताड्यावर हात बसवा. गळ लागताच जिताडा ज्या तिरीमिरीने कांदळवनाच्या मुळांकडे धावतो, ती ओढ हलक्या दोरीवर न तोडता सांभाळता आली, तर पुढच्या पत्राच्या उत्तरात जे येणार आहे त्यातले निम्मे आपल्याला आधीच समजलेले असेल.

प्रश्न : मी ठाण्याच्या चेंदणी कोळीवाड्यातली. आजोबांची वल्ह्याची होडी होती. ते सांगत, की अंगापेक्षा मोठा मासा लागला तर दोर सोडत जायचा, ओढाताण करायची नाही. शंभर-दीडशे किलोचा मार्लिन लहान होडीला ओढून नेत नाही का? उलटी करत नाही का?

उत्तर : ओढून नेतो, आणि लहान होडीची खरी युक्ती त्याच ओढण्यात आहे. उलटी मात्र बहुतेक वेळा मासा करत नाही, माणसाची घाई करते.

आपल्या आजोबांचे सूत्र आजच्या रिळात यंत्र म्हणून बसवलेले आहे. रिळाच्या पोटात चकत्यांचा एक ब्रेक असतो, त्याला ड्रॅग म्हणतात. ठरावीक ताणापर्यंत तो दोरी धरून ठेवतो आणि ताण त्यापुढे गेला की रीळ फिरू देतो. दोरी ३७ किलोला तुटणारी असेल, तर ड्रॅग तिच्या पाव ते तृतीयांश, म्हणजे साधारण ९ ते १२ किलोंवर बसवतात, आणि तो अंदाजाने नव्हे तर हुकाच्या स्प्रिंगकाट्याने मोजून. एवढे जपण्याचे कारण असे, की मार्लिन पहिल्याच धावेत दोन-तीनशे मीटर दोरी घेऊन जातो. रिळावरची दोरी कमी होत गेली की गुंडाळीचा व्यास घटतो, आणि व्यास निम्म्यावर आला म्हणजे तोच ब्रेक दोरीला दुप्पट ताण देऊ लागतो. पाण्यात बाक धरून पडलेल्या लांबलचक दोरीचा विरोध त्यात भरीस भर घालतो. नवखा माणूस नेमका याच क्षणी घाबरून ब्रेक आणखी आवळतो, आणि दोरी फटाक्यासारखी तुटते.

मोठ्या नौकेवर अशा वेळी नौका मागे घेत माशाकडे जातात. उघड्या लहान होडीने हे कधीही करू नये. तिच्या पिछाडीचा काठ इंजिनासाठी खाली उतरवलेला असतो. उलट चालताच लाट तिथून आत येते आणि दोन लाटांत होडी भरते. म्हणून लहान होडीत मासा नाळेवरून, म्हणजे होडीच्या पुढच्या टोकावरून खेळवायचा. मासा लागला की बाकीच्या दोऱ्या गुंडाळायच्या, होडीचे तोंड माशाकडे करायचे आणि दोरी आत घेत घेत त्याच्यामागे जायचे. पाण्यातली दोरी जितकी कमी, तितका माशावरचा ताबा जास्त. याला तीन माणसे लागतात : एक काठीवर, एक सुकाण्यावर आणि एक शेवटच्या दोन मिनिटांसाठी. चौथा केवळ प्रवासी. सुकाण्यावरचा माणूस तिघांत सर्वांत अनुभवी असावा, असे माझे ठाम मत आहे. छायाचित्रात तो कधी दिसत नाही, तो भाग वेगळा.

मासा सरळ खाली बसला की खरा धोका सुरू होतो. दोरी उभी होते, सगळे जण एकाच काठाकडे झुकतात आणि होडी त्या अंगाला कलते. अशा वेळी वरून जोर लावण्यात अर्थ नसतो. होडी थोडी दूर नेऊन दोरीला तिरका कोन दिला, की मासा हळूहळू वर येऊ लागतो. काठी पेलण्यासाठी कमरेला पट्टा बांधावा; मात्र रिळाला अडकवलेले हार्नेस, म्हणजे अंगावरचे पट्टे, एका झटक्यात सुटणारे असावे आणि धारदार सुरी हाताशी असावी.

कयाकवाल्याला यातले बरेचसे करावे लागत नाही, कारण त्याची नावच ब्रेक असते. मासा तिला ओढत राहतो आणि ओढता ओढता दमतो. कॅरिबियन बेटांतले, उदाहरणार्थ डॉमिनिका आणि ग्वाडेलूपचे मच्छीमार हेच तत्त्व उलट्या बाजूने वापरतात. खोल पाण्यात नांगरलेल्या तरंगत्या तराफ्यांच्या सावलीला लहान मासे जमतात आणि त्यांच्यामागे मोठे येतात. तिथे ते आमिष लावलेला दोर बोयाला बांधून मोकळा सोडतात. मासा बोया ओढत हिंडतो, आणि होडी सावकाश त्याच्या मागून जाते. आपले आजोबा तिथे असते, तर त्यांना ही रीत पाहताक्षणी पटली असती.

शेवटची दोन मिनिटे सर्वांत वाईट. गळाजवळचे काही मीटर जाड, न तुटणारी दोरी असते, तिला लीडर म्हणतात. मासा होडीशी आला की एक जण हातमोजे घालून तो लीडर हातात घेतो. पकड बसावी म्हणून तो तळव्यावर एक-दोन वेढे देतो, पण असे, की मूठ उघडताच ते गळून पडावेत. वेढा उलटा बसला आणि मासा पुन्हा खाली गेला, तर त्याबरोबर माणूसही जातो. काठावरून आत घेतलेली दोरी पायांत वेटोळी करून कधीही ठेवू नये, तिचेही तेच. चोचीचा धोका तर वेगळा सांगायलाच नको. २००६ च्या जुलैत बर्म्युडाजवळ एका ब्लू मार्लिनने उडी घेऊन नौकेवरच्या माणसाला छातीत भोसकले आणि पाण्यात खेचले, तो वाचला. जुलै २०२२ मध्ये फ्लोरिडाजवळ सेलफिश या मार्लिनच्याच नात्यातल्या चोचवाल्या माशाने होडीतल्या बाईंना मांडीच्या सांध्यापाशी भोसकले, आणि त्या तर नुसत्या बाजूला उभ्या होत्या.

आकाराबद्दल थोडे. गळाने पकडलेल्या ब्लॅक मार्लिनचा विक्रम ७०७ किलोंचा आहे, तो ४ ऑगस्ट १९५३ रोजी पेरूतील काबो ब्लांको येथे झाला आणि आजही मोडलेला नाही. पण लहान होड्यांना मिळणारे मासे बहुधा कोवळे असतात. ऑस्ट्रेलियाच्या पूर्व किनाऱ्यावर ॲल्युमिनियमच्या छोट्या होड्यांतून ज्यांचा पाठलाग होतो, ते ब्लॅक मार्लिन बहुतेक असेच. ब्लू मार्लिनचा नर दीडशे किलोंच्या पुढे क्वचितच जातो, त्यामुळे किश्श्यांतली धूड म्हणजे माद्याच, हे शिकाऱ्यांच्या मर्दुमकीच्या गोष्टी ऐकताना लक्षात असू द्यावे.

प्रश्न : बेलापूरजवळच्या आमच्या जुन्या घरात भिंतीवर हातभर लांबीची, दोन्ही बाजूंना दात असलेली माशाची चोच टांगलेली आहे. घरातले तिला मार्लिनची तलवार म्हणतात. आमच्या पणजोबांनी तो मासा खाडीच्या तोंडाशी पकडला होता म्हणे. म्हणजे पूर्वी मार्लिन खाडीत येत होता का?

उत्तर : नाही. दोन्ही बाजूंना दात म्हणजे ती करवत माशाची करवत आहे. करवत मासा हा पाकटाच्या नात्यातला, तळाशी वावरणारा, उथळ गढूळ पाण्यात आणि खाड्यांच्या मुखाशी राहणारा. त्यामुळे पणजोबांनी तो तिथे पकडला असणे अगदी शक्य आहे. मार्लिनची चोच हातात घेतली तर फरक लगेच कळतो. ती भाल्यासारखी गोल असते, बोटे फिरवली की सँडपेपरसारखी खरखरते, आणि तिला बाजूचे दात नसतात. खऱ्या तलवार माशाची, म्हणजे स्वॉर्डफिशची चोच चपटी व पात्यासारखी असते, आणि ते कूळच निराळे आहे.

एक गोष्ट मात्र सांगितली पाहिजे. करवत मासा २००१ पासून वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत आहे. वस्तू वाडवडिलांची असली तरी ती विकण्याचा किंवा भेट देण्याचा विचार करू नये, आणि ठाण्याच्या वन कार्यालयात एकदा विचारून घ्यावे.

प्रश्न : नेरूळहून आम्ही बापलेक जानेवारीत अंदमानला जात आहोत. एक दिवस मार्लिनसाठी होडी घ्यायची आहे. होडीवाल्याला काय विचारावे? आणि मासा लागलाच, तर तो सोडून द्यावा का?

उत्तर : दिवस चांगला निवडला आहे, कारण त्या सुमारास तिथला समुद्र बहुधा शांत असतो. पैशांची बोलणी करण्याआधी होडी पाहायला जा. प्रत्येकाच्या मापाचे लाइफ जॅकेट आहे का, व्हीएचएफ बिनतारी संच चालू आहे का, आणि एक इंजिन बंद पडल्यास दुसरे आहे का, ते डोळ्यांनी पाहावे. तटरक्षक दलाचा १५५४ हा क्रमांक मोबाइलमध्ये ठेवावा, पण किनारा दूर गेल्यावर मोबाइल निरुपयोगी असतो, म्हणून संच महत्त्वाचा. महात्मा गांधी सागरी राष्ट्रीय उद्यानाच्या हद्दीत गळ टाकता येत नाही. होडीवाला "चालते हो" म्हणाला, तर दुसरा होडीवाला शोधावा.

मासेमारीच्या रीती मुख्यतः दोन. नकली आमिषे होडीमागे ताशी १३ ते १७ किलोमीटरच्या वेगाने ओढत न्यायची, ही एक. तीत बरेच पाणी पालथे घातले जाते आणि इंधनही तितकेच जळते. दुसरीत जिवंत लहान कुपा, म्हणजे ट्यूना, गळाला लावून ताशी चार-पाच किलोमीटरने, चालत्या माणसाच्या चालीने फिरायचे. मला लहान होडीसाठी दुसरी पसंत आहे. कुपा जिथे मिळाला तिथेच त्याला खाणाराही असण्याचा संभव असतो, आणि मार्लिन मागे आला की आमिषाचा मासा जो थरथराट सुरू करतो तो दोरीतून बोटांना कळतो. त्या अर्ध्या मिनिटासाठीच सगळा दिवस उन्हात काढायचा असतो.

जिवंत आमिषाला सर्कल हुक लावण्याचा आग्रह धरा. या गळाचे टोक आत, दांड्याकडे वळलेले असते. तो पोटात न रुतता सरकत येऊन जबड्याच्या कोपऱ्यात बसतो. अट एकच, झटका द्यायचा नाही. मासा आमिष घेऊन वळला की दोरी आपोआप ताणू द्यायची. आपल्याकडच्या गळवाल्यांना झटक्याची इतकी सवय असते, की ही एक गोष्ट शिकायलाच बहुतेकांचा पहिला मासा खर्ची पडतो.

आणि हो, सोडून द्यावा. हिंदी महासागरातील ट्यूना आणि चोचवाल्या माशांची व्यवस्था पाहणाऱ्या आंतरराष्ट्रीय आयोगाचा भारत सदस्य आहे. त्या आयोगाने २०१८ मध्ये मार्लिनच्या तिन्ही जातींवर आणि सेलफिशवर पकडीच्या मर्यादा घातल्या आणि खालच्या जबड्यापासून शेपटीच्या खाचेपर्यंत ६० सेंटिमीटरहून लहान मासे ठेवण्यास मनाई केली. स्ट्राइप्ड मार्लिनची स्थिती तर उघड वाईट आहे. पण नियमाहून मला महत्त्वाचे वाटते ते असे, की दीड-दोन तास खेळवून सोडलेला मासा पुष्कळदा तसाच मरतो. सोडायचा असेल, तर दोरी जाड घ्या, ड्रॅग मोजून बसवा आणि लवकर संपवा. माशाला होडीत ओढू नका. हातमोज्यांनी चोच धरून होडी अगदी मंद पुढे चालू ठेवा, म्हणजे त्याच्या उघड्या तोंडातून पाणी कल्ल्यांवर वाहत राहते. मार्लिन पोहता पोहताच श्वास घेतो, स्थिर धरला तर गुदमरतो. त्याच्या अंगावरचा उतरलेला निळा रंग परत येऊ लागला आणि शेपटी स्वतःहून हलू लागली की हात सोडावा. गळ सहज निघत नसेल, तर लीडर तोंडाजवळ कापावा.

वजन हवेच असेल, तर मासा पाण्यात असतानाच फीत लावावी. सेंटिमीटरमधली लांबी गुणिले घेर गुणिले घेर, भागिले २९,००० म्हणजे ढोबळ किलो. लांबी २४० आणि घेर १०० असेल, तर साधारण ८३ किलो.

जात ओळखण्याची खूणही मुलाला शिकवून ठेवा. कोचीच्या बंदरावर एकदा पहाटे तीन मोठे मार्लिन ओळीने मांडलेले पाहिले. शेजारी उभ्या म्हाताऱ्या तांडेलाने काही न बोलता पायाच्या अंगठ्याने एकेकाचा छातीचा पर दाबून दाखवला. दोघांचे पर अंगाला मिटले आणि तिसऱ्याचा लाकडासारखा ताठच राहिला. तो ब्लॅक मार्लिन. पूर्ण वाढलेल्या ब्लॅक मार्लिनचा तो पर मिटत नाही.

प्रश्न : वाशीच्या एका दुकानात मार्लिनचे काप मिळतात. सुनेला सातवा महिना आहे. सुरमईऐवजी हे दिले तर चालेल का?

उत्तर : सुनेला देऊ नये. मार्लिन मोठा, दीर्घायुषी आणि शिकारी मासा असल्यामुळे त्याच्या मांसात पारा साठतो. अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने गरोदर आणि अंगावर पाजणाऱ्या स्त्रियांनी टाळायच्या माशांत त्याचे नाव घातले आहे. बांगडा, बोंबील, मांदेली यांसारखे लहान मासे तिच्यासाठी अधिक योग्य आहेत.

घरातल्या इतरांनी कधीतरी खाण्यास हरकत नाही, पण तो पकडल्यापासून बर्फात होता का, याची खात्री हवी. उन्हात काही तास पडलेल्या मार्लिनच्या मांसात हिस्टामाइन तयार होते, आणि ते शिजवल्याने, तळल्याने किंवा नंतर बर्फात ठेवल्याने जात नाही. खाल्ल्यावर तासाभरात चेहरा लाल होतो, डोके ठणकते, अंगाला खाज सुटते, आणि लोक त्याला माशाची ॲलर्जी समजतात. लहान होडीत शंभर किलोच्या माशाला पुरेल एवढा बर्फ नेता येत नाही, त्यामुळे अशा होडीतून आलेल्या माशाबाबत हा प्रश्न आधी विचारावा. कापाची चव जिभेला तिखट चरचरीत लागली, तर ताट बाजूला सारावे.